हाताला भगंदर? शरीरातल्या आडवाटांना मराठीत काय म्हणावे

अनुवादक_माहीम:
नमस्कार. गेली अकरा वर्षे मी इंग्रजीतून मराठीत वैद्यकीय मजकुराचा अनुवाद करतो. औषधांची माहितीपत्रके, संमतीपत्रे आणि घरी जाताना रुग्णाच्या हाती दिली जाणारी सूचनापत्रे असे हे काम आहे. इतक्या वर्षांत ज्या शब्दाशी मी केवळ वेळ मारून नेली, तो गेल्या महिन्यात माझ्याच घरात येऊन उभा राहिला.

आईची मूत्रपिंडे निकामी होत आल्यामुळे डायलिसिस सुरू करण्याचे ठरले आणि त्याच्या तयारीसाठी तिच्या डाव्या मनगटावर एक छोटी शस्त्रक्रिया करायची होती. उपनगरातल्या ज्या रुग्णालयात ती व्हायची होती, तिथले मराठी संमतीपत्र आत्याने हातात घेतले, चष्मा लावला आणि पहिल्याच ओळीवर थबकून ती मला म्हणाली, "अरे, वहिनीच्या हाताला भगंदर कसा होईल? तो तर बसायच्या जागी होतो." मूळ इंग्रजीत 'आर्टेरिओव्हेनस फिस्टुला' होते, कोणा अनुवादकाने कोश उघडून 'फिस्टुला म्हणजे भगंदर' असे पाहिले आणि 'धमनी-शिरा भगंदर' लिहून तो मोकळा झाला. हा अनुवाद माझा नव्हता, परंतु दहा वर्षांपूर्वी तो माझा असू शकला असता, हे मी मान्य करतो.

माझा प्रश्न असा आहे. शरीरातल्या दोन जागांमध्ये जिथे वाट नसावी तिथे वाट पडते, तेव्हा इंग्रजीत जागेनुसार आणि प्रकारानुसार फिस्टुला, सायनस, शंट असे वेगवेगळे शब्द योजतात. मराठीत आपल्याकडे या साऱ्यांसाठी सर्वसाधारण शब्द आहे का, की आपण एका आजाराच्या नावावरच सगळा व्यवहार भागवत आहोत?

लोकलवीर:
भगंदर हा शब्द मुंबईकराला कोशातून कळत नाही, लोकलच्या डब्यातून कळतो. दाराजवळच्या पत्र्यावर 'मूळव्याध, भगंदर, फिशर, विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज' अशी चिकटपट्टी लावलेली असते, आणि विरार ते चर्चगेट उभ्याने प्रवास करणाऱ्याला ती पाठ होते. मी शाळेत असताना हे तीन सख्खे भाऊ आहेत असे समजत होतो. आपल्या आत्याबाईंचे ज्ञानही बहुधा याच विद्यापीठातले असावे.

अनुवादक_माहीम:
आत्या तीस वर्षे महिलांच्या डब्यातून प्रवास करत होती, त्यामुळे आपला तर्क मला अमान्य करता येत नाही.

शल्यक_निवृत्त:
लोकलवीर यांनी विनोदाने लिहिले असले तरी तिथे एक खरी अडचण आहे, म्हणून आधी ती दूर करतो. मूळव्याधीत गुदमार्गाच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगतात, फिशरमध्ये तिथल्या अस्तराला चीर पडते, आणि भगंदरात गुदमार्गाचा आतला भाग व बाहेरची त्वचा यांच्यात एक नळी तयार होते. पहिले दोन आजार म्हणजे वाट नव्हे. तिसरा मात्र वाटच आहे.

आता व्याख्येकडे वळू. ज्या दोन पृष्ठभागांना अस्तर आहे, मग ते आतड्याचे असो, मूत्राशयाचे असो वा बाहेरची त्वचा असो, त्यांना जोडणारा अनैसर्गिक मार्ग म्हणजे फिस्टुला. त्याला दोन तोंडे असतात. सायनसला तोंड एकच असते. आत तो बंद गल्लीसारखा संपतो. नुसते भोक पडले असेल आणि अजून मार्ग तयार झाला नसेल तर त्याला आम्ही छिद्र म्हणतो. फिस्टुलाचे नाव घेताना आम्ही नेहमी दोन्ही टोके सांगतो: मूत्राशय व योनी, मोठे आतडे व मूत्राशय, श्वासनलिका व अन्ननलिका, धमनी व शिरा. नुसते 'फिस्टुला' म्हटले तर ते अर्धेच निदान झाले.

मुलुंडची_मैना:
सायनसचे एवढे सोपे नसावे, डॉक्टरसाहेब. आमच्या इमारतीत निम्म्या लोकांना 'सायनस आहे' आणि त्यातल्या कोणाच्याही अंगातून काही वाहत नाही, फक्त पावसाळ्यात डोके दुखते.

शल्यक_निवृत्त:
ताई, सायनस सर्वांनाच असतात. कपाळाच्या व गालांच्या हाडांत जन्मजात पोकळ्या आहेत, त्यांनाही सायनसच म्हणतात; त्यांना सूज आली म्हणजे सायनुसायटिस होतो, आणि लोक तेवढ्यालाच 'सायनस' म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ वळण, घडी किंवा खोलगट जागा असा आहे. त्यामुळे एकच शब्द निरोगी पोकळीलाही लागू पडला आणि पू वाहणाऱ्या आंधळ्या वाटेलाही. इंग्रजीनेही पुरेसा गोंधळ घातलेला आहे, मराठीने एकटीने अपराधी वाटून घेऊ नये.

वैद्य_गिरगाव:
मूळ प्रश्नाला आयुर्वेदात नेमके उत्तर आहे, आणि ते भगंदर नव्हे. सर्वसाधारण शब्द 'नाडीव्रण' असा आहे. सुश्रुताने आपल्या संहितेतल्या निदानस्थान या विभागात त्याचे कारण सांगितले आहे. पिकलेल्या सुजेकडे दुर्लक्ष केले की पू मांसात खोलवर शिरतो. तो फार दूर जातो म्हणून त्या वाटेला 'गती' म्हणावे, आणि ती नळीसारखी वाहते म्हणून 'नाडी' म्हणावे. भगंदर हा त्याच घराण्यातला, परंतु एका ठराविक जागेचा आजार आहे. भग (जननेंद्रिय), गुद आणि बस्ती (मूत्राशय) या प्रदेशाला तो विदारतो, म्हणजे फाडतो, म्हणून भगंदर. आणि सुश्रुत असेही सांगतो की जोपर्यंत पिकलेली नाही तोपर्यंत ती पिडका, म्हणजे पुळी, पिकून फुटली की भगंदर. यावरून मनगटावर भगंदर होणे व्युत्पत्तीनेच अशक्य आहे. आत्याबाईंचे म्हणणे शास्त्रसंमत आहे, हे त्यांना माझ्या वतीने कळवावे.

भगंदराचे पाच प्रकारही पाहण्यासारखे आहेत, कारण नावे ठेवणाऱ्याने डोळ्यांनी पाहून ठेवलेली आहेत. चाळणीसारखी पुष्कळ बारीक भोके असलेला तो शतपोनक, उंटाच्या मानेसारखा उंचावलेला तो उष्ट्रग्रीव, सतत पाझरणारा तो परिस्रावी, शंखाच्या वेढ्यांसारखा फिरत गेलेला तो शंबुकावर्त. पाचवा उन्मार्गी. मांसाबरोबर गिळलेले हाड वाट सोडून भलतीकडे रुतले आणि त्याने नवी वाट पाडली, तर तो उन्मार्गी.

शल्यक_निवृत्त:
वैद्यबुवांच्या शतपोनकावरून आठवले. जुनाट क्षयामुळे किंवा मूत्रमार्ग अरुंद झाल्यामुळे त्या भागात अनेक भोके पडून लघवी जागोजागी ठिबकू लागते, तेव्हा इंग्रजी पाठ्यपुस्तके त्या स्थितीला 'झारीसारखा' भाग म्हणतात, बागेत पाणी घालण्याची झारी. चाळणी आणि झारी या उपमा दोन वेगळ्या काळांत सुचल्या, परंतु दिसलेली गोष्ट सारखीच असावी.

शंकासुर:
हे सर्व वाचून आनंद झाला, परंतु प्रश्न सुटलेला नाही. 'नाडी' म्हटले की आजच्या मराठी माणसाला डॉक्टरांनी मनगटावर पाहिलेली नाडी आठवते, त्याखालोखाल पायजम्याची नाडी, आणि लग्न जमवताना पत्रिकेतली एक नाडी. 'मनगटावर नाडीव्रण' असे लिहिले तर रुग्णाला वाटेल की त्याच्या नाडीलाच जखम झाली आहे. माझे मत स्पष्ट आहे: फिस्टुला हाच शब्द देवनागरीत लिहावा. ऑपरेशन, सलाईन, प्लास्टर हे शब्द आपण रुजवून घेतलेच ना?

शब्दवेडी:
शंकासुर यांच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही, परंतु त्यांना एक पुरावा मात्र आयता देते. 'फिस्टुला' हा शब्द मुंबईच्या रस्त्यांवर दर उन्हाळ्यात पिवळाधमक फुललेला असतो. बहाव्याचे शास्त्रीय नाव कॅसिया फिस्टुला असे आहे. लॅटिनमध्ये फिस्टुला म्हणजे नळी, पाण्याचा पाइप, बोरूचा पावा. बहाव्याची शेंग हातभर लांब, काळपट आणि अगदी नळीसारखी गोल असते. ती हलवली की आतल्या बिया खुळखुळतात. मी लहानपणी हिंदू कॉलनीत अशा शेंगा गोळा करून त्यांची वाद्ये केली आहेत, तेव्हा आपण एका भयंकर आजाराचे नाव वाजवत आहोत याची कल्पना नव्हती.

मला जे विशेष वाटते ते असे की लॅटिनने आजाराला 'नळी' म्हटले आणि संस्कृतनेही 'नाडी', म्हणजे नळीच म्हटले. दोन्हीकडे वैद्याने जखमेत सळई घातली, ती आत जात राहिली, आणि त्याला पोकळ नळी आठवली.

वैद्य_गिरगाव:
शब्दवेडी ताई, त्यात आणखी एक गंमत मिळवा. बहावा म्हणजे आमचा आरग्वध, आणि नाडीव्रणात घालण्यासाठी सांगितलेल्या एका औषधी वातीत आरग्वध आणि हळद ही दोन्ही द्रव्ये येतात. म्हणजे फिस्टुलावर फिस्टुलाच.

परळची_परिचारिका:
मी अनेक वर्षे डायलिसिस विभागात काम करते. शब्दांची चर्चा उत्तम चालली आहे, परंतु अनुवादक_माहीम यांच्या आईंना नेमके काय होणार आहे हे अजून कोणी लिहिले नाही, आणि शब्द निवडण्यापूर्वी ते लिहिणे आवश्यक आहे.

मनगटाजवळ धमनी आणि शिरा शेजारी शेजारी असतात. धमनीत दाब जास्त असतो, शिरेत कमी. शल्यचिकित्सक त्या दोघींना एका जागी शिवून जोडतात, म्हणजे धमनीतले रक्त पुढे बारीक वाहिन्यांत न जाता थेट शिरेत शिरते. त्या दाबाने काही आठवड्यांत शीर फुगते आणि तिची भिंत जाड होते. डायलिसिसच्या यंत्राला दर मिनिटाला साधारण तीनशे मिलिलिटर रक्त खेचावे लागते. साध्या शिरेतून तेवढे मिळत नाही आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा दोन जाड सुया टोचून घेणे तिला झेपतही नाही. आम्ही सहाचा नियम सांगतो: साधारण सहा आठवड्यांनी शीर सहा मिलिमीटर रुंद झालेली असावी, त्वचेखाली सहा मिलिमीटरपेक्षा खोल नसावी, आणि तिच्यातून मिनिटाला सहाशे मिलिलिटर रक्त वाहावे. ही पद्धत १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. जी जोडणी आजारात आपोआप झाली तर आपण घाबरू, तीच इथे मुद्दाम केलेली असते.

आमच्याकडचे रुग्ण मात्र कोणताही शब्द शोधत बसत नाहीत. ते 'माझा हात केला' असे म्हणतात. 'तुमचा हात कधी केला?' 'दिवाळीच्या आधी केला, पण अजून तयार नाही झाला.' आणि त्या हातावर बोटे ठेवली की मांजर गुरगुरावे तशी थरथर लागते. ती रोज सकाळी स्वतः तपासायची असते. थरथर थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

अनुवादक_माहीम:
ताई, आपले मनापासून आभार. 'हात केला' हे मी कोणत्याही कोशात पाहिले नव्हते. आईची शस्त्रक्रिया होऊन आता तीन आठवडे झाले आहेत. रात्री दिवा मालवल्यावर ती मनगट कानाशी धरते आणि मला म्हणते, "चालू आहे रे."

शंकासुर:
आता आपल्याच मताची दुसरी बाजू मला दिसते. 'नालव्रण' असाही एक शब्द कोशांत आढळतो, आणि तो ऐकायला बरा आहे, परंतु इथे व्रण कुठे आहे? जखम नाही, पू नाही, आजारही नाही. डॉक्टरांनी बांधलेला मार्ग आहे. म्हणजे नाडीव्रण, नालव्रण आणि भगंदर हे तिन्ही शब्द या ठिकाणी चुकतात, आणि फक्त फिस्टुला टिकतो.

जलाभियंता:
मी महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालो आहे. वैद्यकातले मला काही कळत नाही, तरी परिचारिका ताईंनी दाबाचा उल्लेख केला म्हणून लिहितो.

मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठराविक तास येते. जलवाहिनीत पाणी असते तेव्हा आतला दाब जास्त असल्याने भेगेतून पाणी बाहेर गळते. रस्ता ओला दिसतो, एवढेच. पाणी बंद झाले की आतला दाब उतरतो आणि शेजारून मलनिःसारण वाहिनी झिरपत असेल तर तीच घाण त्याच भेगेतून उलट आत खेचली जाते. दुसऱ्या दिवशी नळाला पहिल्या पाच मिनिटांत गढूळ, वासाचे पाणी येते. तक्रार करणाऱ्याला वाटते की आम्ही तलावातूनच घाण सोडली. भेग एकच असते. प्रवाह कोणत्या दिशेने जाईल ते दाब ठरवतो. शरीरातही असेच असते काय?

शल्यक_निवृत्त:
अगदी असेच असते, आणि आपण हे माझ्या काही विद्यार्थ्यांपेक्षा चांगले सांगितलेत. मोठे आतडे आणि मूत्राशय यांत वाट पडली, तर बहुतेक वेळा आतड्यातला वायू आणि मळ मूत्राशयात शिरतो. रुग्ण येऊन संकोचाने सांगतो की लघवी करताना बुडबुडे येतात. पुष्कळदा ही एकच तक्रार निदानाच्या दारापर्यंत नेते.

हृदयाचे उदाहरण याहून बोलके आहे. डाव्या आणि उजव्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर डावीकडे दाब जास्त असल्यामुळे रक्त डावीकडून उजवीकडे जाते. वर्षानुवर्षे फुप्फुसांकडे जास्त रक्त गेल्याने तिथला दाब चढत गेला, तर एके दिवशी प्रवाह उलटतो, आणि मूल निळसर दिसू लागते. आपल्या गढूळ पाण्याचीच ही गोष्ट आहे, फक्त नळाच्या जागी ओठ असतात.

रुळावरचा:
या 'डावीकडून उजवीकडे' जाण्याला डॉक्टर 'शंट' म्हणतात, आणि तो शब्द मराठी माणसाला परका नाही. मी रेल्वेत शंटिंग करण्यात उमेदीची वर्षे घालवली. एका रुळावरचे डबे सांधे बदलून दुसऱ्या रुळावर नेणे म्हणजे शंटिंग. रक्ताला त्याच्या रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवले तर तोही शंट. याचा अनुवाद कशाला करता? परळच्या वर्कशॉपच्या आसपास राहणाऱ्या कोणालाही विचारा.

लोकलवीर:
शब्दांवरून आठवले. माझ्या पुतण्याच्या कागदावर जन्मतः 'पेटंट डक्टस आर्टेरिओसस' असे लिहिले होते. आमच्या थोरल्या काकांनी अत्यंत गंभीरपणे विचारले, "पेटंट आहे म्हणजे कोणत्या कंपनीचे? त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील काय?"

शल्यक_निवृत्त:
काकांना सांगावे की इथे पेटंट म्हणजे 'उघडी राहिलेली'. गर्भात फुप्फुसे काम करत नसतात, म्हणून रक्त त्यांना वगळून जाईल अशा दोन वाटा निसर्गाने ठेवलेल्या असतात. जन्मानंतर त्या बंद व्हायच्या असतात. आपल्या पुतण्याची डक्टस ही त्यांतली एक. दुसरी, हृदयाच्या पडद्यातली वाट सुमारे चतुर्थांश प्रौढांमध्ये थोडीशी उघडी राहते आणि बहुतेकांना जन्मभर ते कळतही नाही. म्हणून 'अनैसर्गिक मार्ग' हा शब्दही सरसकट वापरता येणार नाही. काही मार्ग नैसर्गिक असतात, त्यांचे बंद न होणे तेवढे अनैसर्गिक असते.

दातांची_डॉक्टर:
माझ्या क्षेत्रातले एक उदाहरण देते, कारण त्यात छिद्राचा फिस्टुला कसा होतो हे दिसते. वरच्या जबड्यातल्या दाढांची मुळे गालाच्या हाडातल्या पोकळीच्या, म्हणजे मुलुंडची_मैना यांच्या इमारतीतल्या त्या प्रसिद्ध सायनसच्या, अगदी तळाशी टेकलेली असतात. दाढ काढताना कधी मधला पातळ पापुद्रा फाटतो. रुग्ण घरी जातो, चूळ भरतो आणि पाणी नाकातून बाहेर येते. भोक दोन मिलिमीटरहून लहान असेल तर सहसा रक्ताची गुठळी ते बुजवते. आम्ही एवढेच बजावतो की नाक शिंकरू नका आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्या. परंतु ते उघडेच राहिले तर काही दिवसांत दोन्ही बाजूंचे अस्तर कडांवरून वाढत जाऊन एकमेकांना मिळते. तोपर्यंत ती जखम असते आणि जखम भरते. अस्तर आले की शरीर तिला वाट मानू लागते आणि भरायचे थांबते. माझ्या दृष्टीने फिस्टुला या शब्दाचा गाभा हा आहे, आणि मराठी शब्द कोणताही घ्या, तो या गाभ्यापर्यंत पोचायला हवा.

शल्यक_निवृत्त:
फारच नेमके लिहिले आहे. वाट न बुजण्याची कारणे पाठ करण्यासाठी आम्हाला इंग्रजीतला 'फ्रेंड' हा शब्द शिकवत: आत अडकलेली बाहेरची वस्तू, किरणोपचार, संसर्ग, दातांच्या डॉक्टरांनी सांगितलेले अस्तर, कर्करोग, आणि पुढच्या मार्गातला अडथळा. शेवटचे कारण जलाभियंता यांना लगेच पटेल. पुढे गटार तुंबलेले असताना मागची गळती बुजवून उपयोग नसतो.

लालबागची_नात:
मी हे लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. माझी पणजी कोकणातली. तिच्या पहिल्या बाळंतपणात ती तीन दिवस अडली, मूल मृत जन्मले, आणि आठवड्याभराने तिची लघवी सतत गळू लागली. पुढची चाळीस वर्षे ती पडवीत निजली. तिला लग्नकार्यात कोणी बोलावत नसे आणि ती स्वतःही जात नसे. घरात या आजाराला नाव नव्हते. आजी सांगायची, "तिचं पाणी राहत नसे." मी परिचारिकेचे शिक्षण घेतले तेव्हा वर्गात एका तासाला मला कळले की याला नाव आहे आणि याची शस्त्रक्रिया होते. त्या तासाला मी काही लिहून घेऊ शकले नाही.

शल्यक_निवृत्त:
आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. बाळाचे डोके दीर्घकाळ अडकले की मूत्राशय आणि योनीची भिंत हाडावर दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि ती ऊती मरते. ती काही दिवसांनी गळून पडते, म्हणूनच गळती लगेच न होता आठवड्याने सुरू होते. पणजींच्या बाबतीत आपण सांगितलेला काळ अगदी तसाच आहे.

या आजाराच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही स्वच्छ नाही. अमेरिकेत अलाबामामध्ये १८४५ ते १८४९ या काळात मॅरियन सिम्स याने चांदीच्या तारेने टाके घालून ही वाट बंद करण्याची पद्धत बसवली, ती गुलामगिरीत असलेल्या स्त्रियांवर, भूल न देता. त्यांपैकी अनार्चा, बेट्सी आणि लूसी ही तीन नावे उरली आहेत. एकट्या अनार्चावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्सचा पुतळा २०१८ मध्ये हटवण्यात आला. संयुक्त राष्ट्रांतर्फे २३ मे हा दिवस या आजाराच्या निर्मूलनासाठी पाळला जातो.

शब्दवेडी:
हे वाचून मन सुन्न झाले. राजांची कथा मात्र अगदी उलट आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भगंदर होता आणि १८ नोव्हेंबर १६८६ रोजी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. शल्यचिकित्सक फेलिक्सने त्याआधी काही महिने गरीब रुग्णांवर सराव केला होता. राजा बरा झाला, आणि दरबारात या आजाराला अशी प्रतिष्ठा आली की काही सरदार आपल्यालाही तोच आजार आहे असे सांगू लागले. इथेही सराव कोणावर झाला ते पाहा.

शंकासुर:
वैद्यबुवा, उपचाराचा विषय निघालाच आहे तर विचारतो. लोकलमधल्या त्या चिकटपट्टीवरचे 'विनाऑपरेशन' म्हणजे आपले क्षारसूत्रच काय? त्यात तथ्य किती?

वैद्य_गिरगाव:
चिकटपट्टीची हमी मी घेणार नाही. 'खात्रीशीर' हा शब्द दिसला की दूर राहावे. क्षारसूत्र मात्र खरे आहे आणि सुश्रुताने ते सांगितले आहे: कृश, दुर्बल आणि भित्र्या रुग्णाची नाडी, किंवा जी मर्माजवळ आहे ती, शस्त्राने न कापता क्षारसूत्राने कापावी. लिननच्या दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे अकरा लेप, मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे सात, आणि शेवटी चीक आणि हळद यांचे तीन, असे एकवीस लेप वाळवत वाळवत द्यायचे. तो दोरा वाटेतून ओवून बांधायचा आणि दर आठवड्याला बदलायचा. तो हळूहळू कापत जातो आणि मागची जखम भरत येते. काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. देशपांडे यांनी गेल्या शतकात ही पद्धत पुन्हा प्रचारात आणली.

शल्यक_निवृत्त:
मी शस्त्रवाला असलो तरी आकडे लपवणार नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत क्षारसूत्र आणि शस्त्रक्रिया यांची तुलना केली, ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. क्षारसूत्राने बरे व्हायला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. परंतु आजार उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. दोरा ओवण्याची कल्पना ग्रीकांकडेही होती. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत घोड्याचा केस वापरत. कोणत्याही पद्धतीत खरी कसोटी ही असते की वाट गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूच्या किती भागातून जाते. तो स्नायू जास्त कापला गेला तर भगंदर बरा होतो आणि मळावरचा ताबा जातो. म्हणून आधी तज्ज्ञाकडून वाटेचा नकाशा काढून घ्यावा, गुंतागुंतीची वाट असेल तर एमआरआय करून. पत्र्यावरचा क्रमांक नंतर.

अनुवादक_माहीम:
सर्वांचे ऋण मानून मूळ प्रश्नाकडे परत येतो. इतके दिवस मी एकच शब्द शोधत होतो, आणि तोच माझा घोटाळा होता असे आता वाटते. डॉक्टरांनी पहिल्याच उत्तरात सांगितले होते की नुसते 'फिस्टुला' म्हणजे अर्धे निदान. मी ते वाचून पुढे गेलो. रुग्णासाठी लिहिताना दोन्ही टोकांची नावे मराठीत, मध्ये 'वाट' किंवा 'जोड', आणि शेवटी डॉक्टर जो शब्द उच्चारतील तो देवनागरीत, असे करणार आहे. भगंदर हा शब्द भगंदरापुरताच. मूत्राशयाच्या आजारासाठी 'मूत्राशय आणि योनी यांमध्ये पडलेली वाट, जिच्यामुळे लघवी सतत गळते' असे लिहीन, म्हणजे लालबागची_नात यांच्या घरी जे नाव नव्हते ते निदान कागदावर तरी राहील.

आईच्या कागदासाठी केलेला मसुदा असा: 'तुमच्या मनगटाजवळ धमनी आणि शिरा यांचा शस्त्रक्रियेने जोड केला जाईल. याला डॉक्टर फिस्टुला म्हणतात. रुग्ण याला हात करणे म्हणतात. हा आजार नाही. या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, या हातातून रक्त काढू देऊ नका, या हाताने जड पिशवी उचलू नका आणि या हातावर डोके ठेवून झोपू नका. रोज सकाळी बोटे ठेवून थरथर लागते का ते पाहा.'

परळची_परिचारिका:
उत्तम झाला आहे. 'थरथर लागली नाही तर त्याच दिवशी रुग्णालयात या' हे वाक्य लगेच त्याच्याखाली, ठळक अक्षरांत घालावे. आमच्याकडे लोक सोमवारपर्यंत वाट पाहतात.

शंकासुर:
'फिस्टुला' राहिला याचे समाधान आहे. 'वाट' आणि 'जोड' यांना माझी हरकत नाही.

अनुवादक_माहीम:
ठळक वाक्य घातले. काल रात्री मसुदा आत्याला मोठ्याने वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले, भगंदराचे नाव काढले नाही, आणि विचारले, "मग वहिनीने बांगड्या कोणत्या हातात घालायच्या?" ते मसुद्यात नव्हते. आज सकाळी घातले: 'या हातात घट्ट बांगड्या अथवा घड्याळ घालू नका.'